आमचे चार रविवार

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी वर्गाला निबंध देते, 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'. उर्दूच्या तासाला एकदा आणि मराठीच्या तासाला एकदा. मुलांना हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण मला तो हवा असतो, कारण यंदा कोणाच्या घरी वडील आले होते ते त्यावरून कळते. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांचे निबंध साधारण सारखेच असतात. अब्बा कुवेतहून आले. आम्ही देवगडला गेलो. आइसक्रीम खाल्ले. अब्बा परत गेले. ज्यांचे अब्बा आले नाहीत त्यांचा निबंध याहून लहान असतो.

२०२५ च्या जूनमध्ये सातवीतल्या एका मुलीने वही माझ्यापुढे ठेवता ठेवता विचारले, "टीचर, तुम्ही सुट्टीत काय केलंत?"

मी म्हटले, "आमच्या मिस्टरांबरोबर फिरले. चार रविवार, रोज नवी जागा."

सगळा वर्ग तोंडावर हात ठेवून हसला. पंचेचाळीस वर्षांची टीचर, बावन्न वर्षांचे तिचे मिस्टर, आणि फिरायला! मुलांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण त्यांना हे इतके नवलाचे का वाटावे, याचा विचार मी घरी पोचेपर्यंत करत होते. म्हणून हे लिहायला बसले.

आमचा निकाह ऑक्टोबर २००१ मध्ये झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये हे कतारला गेले. तिथे रास लफान म्हणून मोठे औद्योगिक शहर आहे, तिथे यंत्रांवरची मापके तपासायचे काम. करार असा, की दोन वर्षे काम करायचे आणि दोन महिने सुट्टीवर यायचे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हे कायमचे परत आले. तोवर अशा आठ सुट्ट्या झाल्या. मी भाषेची शिक्षिका आहे, गणिताची नाही, पण हे गणित करायला पेन्सिल लागत नाही. अठरा वर्षांत सोळा महिने. निकाहानंतरचे चार महिने धरले तर वीस. या वीस महिन्यांत दोन मुले झाली, चिऱ्याचे घर बांधून झाले आणि एका नणंदेचे लग्न झाले. नवरा-बायकोने एकमेकांना ओळखायचे काम तेवढे राहून गेले.

भगिनींनो, ही काही माझ्या एकटीची कहाणी नाही. विजयदुर्गपासून खाली मालवणपर्यंत आणि वर रत्नागिरीपर्यंत आपल्या कितीतरी घरांत हेच आहे. आधीच्या पिढीतले पुरुष बोटीवर असत, आमच्या पिढीतले आखातात. माझे सासरे व्यापारी जहाजावर खलाशी होते. वर्षातले दहा महिने दर्यावर.

हे परत आले तेव्हा घरातले सगळे मला पाठ होते आणि यांना काहीच माहीत नव्हते. घरपट्टीची पावती, गॅसचा नंबर, अम्माची रक्तदाबाची गोळी, कुठला दरवाजा पावसात फुगतो, काही नाही. स्वतःच्या घरात कपाट उघडून विचारायचे, "अगं, मीठ कुठे असतं?" जेवण झाले की स्वतःचे ताट धुऊन पालथे घालायचे, कारण कॅम्पात तीच सवय. अम्माला ते बघवायचे नाही. कंपनीची बस पहाटे चारला सुटायची, म्हणून इथेही साडेतीनला डोळे टक्क उघडे. लोक विचारत, "आता भांडणं होत असतील ना?" भांडायलासुद्धा ओळख लागते. आम्ही एकमेकांशी फार अदबीने वागत होतो, जसे बसमध्ये शेजारी बसलेले दोन अनोळखी प्रवासी वागतात.

पाच वर्षे अशीच गेली. मुलीची बारावी, मग पुण्याला नर्सिंग. मुलाचा डिप्लोमा, मग रत्नागिरीत नोकरी. मध्ये अम्मा पडल्या, खुब्याचे ऑपरेशन झाले. २०२५ च्या मे महिन्यात पहिल्यांदाच घर रिकामे होते. रमजान ईद ३१ मार्चला होऊन गेली होती, बकरी ईद ७ जूनला होती, मधला मे महिना मोकळा. एका रात्री यांनी कागद घेतला, पट्टीने रकाने आखले. तारीख, ठिकाण, अंतर, पाणी किती, जोखीम काय. साइटवर काम सुरू करण्याआधी असाच कागद भरावा लागायचा म्हणे. पहिल्या रविवारच्या जोखमीच्या रकान्यात लिहिले होते, 'ऊन. कुत्री. अम्माचे प्रश्न.'

वाहन माझी स्कूटर. शाळेत जायला मी ती २०१६ मध्ये घेतली. यांच्याकडे इथला परवाना नाही, म्हणून मी चालवणार आणि हे मागे बसणार. गावात आमची जी काही चर्चा झाली त्यातली निम्मी फिरण्याची नव्हतीच, बसण्याच्या जागेची होती.

पहिला रविवार, ४ मे, किल्ल्याचा. किल्ला घरापासून पायी दहा मिनिटांवर. मी शाळेच्या मुलांना घेऊन कितीदा तरी गेले आहे. हे लहानपणी तिथेच हुंदडले. पण दोघे मिळून कधी गेलोच नव्हतो. सुट्टीवर आलेल्या माणसाचे दोन महिने दावती, लग्ने, दवाखाने आणि बँक यांत संपतात.

विजयदुर्गचे जुने नाव घेरिया. शिलाहारांच्या काळापासून त्याचा इतिहास सांगतात. तीन बाजूंनी पाणी, एकामागे एक तीन तट आणि पायथ्याला वाघोटण खाडीचे तोंड. आंग्र्यांचे आरमार इथे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी फौजेने ते जाळले आणि किल्ला घेतला. आमच्या रविवारनंतर दोनच महिन्यांनी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यात विजयदुर्गही आहे. हे अजून मला ऐकवतात, "बघ, आपण जाऊन आलो म्हणून मिळाला."

किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' म्हणून एक जागा दाखवतात. १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस साजरा होतो. १८६८ साली त्या तारखेला खग्रास सूर्यग्रहण झाले आणि लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला, अशी गावात समजूत आहे. खरा इतिहास थोडा वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी फ्रान्सचे जान्सन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ पाहिली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याही ओळखीच्या पदार्थाची नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या नव्या द्रव्याचे नाव हेलियम पडले. ते पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले. आणि मग २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, एकसष्ट वर्षांचे लॉकियर आपली यंत्रे घेऊन खरोखरच विजयदुर्गला आले. तो मुक्काम खरा. ऑगस्टमधल्या ग्रहणाचे मला तसेही पटत नव्हते. ऑगस्टात विजयदुर्गला सूर्य दिसायलाच नशीब लागते!

हे सगळे मी कट्ट्याजवळ उभी राहून शिक्षकी थाटात सांगितले. हे गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "रास लफानला हेलियमचे प्लांट आहेत."

मला वाटले चेष्टा करतात. पण नाही. पहिला प्लांट २००५ साली सुरू झाला, दुसरा २०१३ साली. जगातल्या हेलियमचा मोठा वाटा तिथून जातो. नैसर्गिक वायूतून तो वेगळा काढतात आणि उणे २६९ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात खास टाक्यांमधून बोटीने पाठवतात. दवाखान्यातल्या एमआरआयच्या यंत्रांना तो लागतो. "आमची बस रोज त्या कुंपणाजवळून जायची," हे म्हणाले. पुढची वीस मिनिटे हे बोलत होते आणि मी ऐकत होते. मापकाचा काटा थरथरला तर काय समजायचे, उन्हाळ्यात लोखंडी शिडीला हात लागला तर कसा चटका बसतो, रात्रपाळीला समुद्राकडून वारा आला की विजयदुर्गचा वास कसा यायचा. हा शेवटचा भाग शास्त्रात बसत नाही, पण मी हटकले नाही.

अठरा वर्षे आम्ही फोनवर काय बोललो? पैसे पोचले का. फी भरली का. अम्मा कशा आहेत. आवाज येतोय का. त्यात हेलियमला जागा कुठे होती?

परतताना शेजारच्या चाचीबी दारातच होत्या. "किल्ला कुठे पळून चालला होता का गो, उन्हाचा?"

दुसरा रविवार ११ मेचा. तो आठवडा सगळ्यांनीच टीव्हीसमोर काढला होता. शनिवारी संध्याकाळी युद्धविरामाची बातमी आली, तेव्हा कुठे घरातला आवाज बंद झाला. रविवारी फजरची नमाज झाल्यावर आम्ही पडवण्याच्या किनाऱ्याला निघालो. डब्यात घावने आणि सुकटीची चटणी, बाटलीत कोकम सरबत. उतारावर मी गाडी सोडली की मागून यांचा पाय हवेत ब्रेक दाबायचा. मला तो दिसत नव्हता, पण गाडीला कळत होता.

पडवण्याला एवढ्या सकाळी माणूस नव्हता. बाजूला लाल कातळाचा उतार, खाली रुंद वाळू, लांबवर रापण ओढायच्या तयारीत चार-पाच जण. हे म्हणाले, "शर्यत लावू."

मी बघतच राहिले.

"का? सुन्नत आहे."

प्रसंग आपल्या सर्वांना माहीत आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनीच तो सांगितला आहे आणि अबू दाऊदच्या संग्रहात आहे. एका सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही काळाने, त्या अंगाने भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (स.) जिंकले आणि ही मागच्या शर्यतीची परतफेड झाली, असे हसून म्हणाले. मी ही हकीकत मुलींना वर्गात सांगितली आहे. ऐकताना त्या नेहमी दुसऱ्या शर्यतीपाशी हसतात. मला त्यातले वेगळेच काही जाणवते. दोन शर्यतींच्या मध्ये वर्षे गेली होती, तरी पहिलीचा निकाल लक्षात ठेवलेला होता.

तर एका उलट्या होडीपासून वाळूत पडलेल्या ओंडक्यापर्यंत शर्यत ठरली. मी बुरखा सावरून कॅनव्हासच्या बुटांत. हे अजून कंपनीचेच जाड बूट घालतात, त्यांच्या पुढच्या भागात लोखंड असते. मी जिंकले. रापणीवाल्यांतला एक जण लांबून ओरडला, "बाई जिकली रे!" हे धापा टाकत वाळूत बसले आणि म्हणाले, "बूट जड आहेत. परतफेड बाकी राहिली, लिहून ठेव." मी खरेच लिहून ठेवले, त्यांच्याच कागदावर, जोखमीच्या रकान्यात.

येताना गिर्येला आंग्र्यांच्या काळातली गोदी पाहिली. खडक तोडून काढलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. जहाजे दुरुस्तीला इथे आत घ्यायचे. आता गाळ भरला आहे. हे पावलांनी लांबी मोजायला निघाले आणि घोटाभर चिखलात थांबले. बुटांचे वजन आणखी वाढले.

या शर्यतीची बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. संध्याकाळी नात्यातल्या एक बाई अम्मांकडे आल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, की सुनेला समज द्या, या वयात हे शोभत नाही, पोरीबाळी बघतात. मी आत भाकऱ्या थापत होते. मला वाटले आता अम्मा 'हो ना' म्हणणार. अम्मा तशा कडक आहेत, माझ्या नोकरीलासुद्धा त्यांनी दोन वर्षे खळखळ केली होती. पण बाहेरून आवाज आला, "माझा मुलगा अठरा वर्षं घरात नव्हता, तेव्हा सुनेचं कसं चाललंय ते विचारायला आलीस का गो कधी?" त्यावर बशीत कप ठेवल्याचा आवाज ऐकू आला, बाकी काही नाही.

तिसऱ्या रविवारची, १८ मेची, कल्पना यांची. कुठेतरी वाचले होते की राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर कातळात कोरलेली एक माणसाची आकृती आहे आणि तिथे होकायंत्राचा काटा चुकतो. ज्या माणसाने आयुष्यभर काटे तपासले त्याला हे ऐकून झोप कशी लागणार! शनिवारी एसटीने तळेरे, खारेपाटण करत राजापूरला माझ्या माहेरी गेलो आणि रविवारी भावाची स्कूटर घेतली.

आपल्या कोकणच्या सड्यांवरच्या या कातळशिल्पांकडे पूर्वी कोणाचे फारसे लक्ष नव्हते. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी गावोगाव फिरून ती शोधली, नोंदवली. २०२२ पासून यातली काही ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, देवाचे गोठणेही त्यात आहे. गावातून वर चढून जावे लागते. मे महिन्यातला सडा म्हणजे तापलेला तवा. गवत नाही, सावली नाही, मधूनच करवंदीची जाळी. त्यात ढग दाटून आलेले, उकाडा असा की डुप्पट्टा पिळून घ्यावा. यांच्या पाठीवर तीन लिटर पाणी, कारण कागदावर तसे लिहिले होते.

आकृती सापडली. पाय जुळवून सरळ आडवा पडलेला माणूस, साध्या रेघांचा. कोणी कोरला, कशासाठी, कोणाला माहीत! यांनी खिशातून होकायंत्र काढले. हे त्यांचे किब्ल्याचे होकायंत्र, पहिल्या वर्षी दोह्याच्या बाजारात घेतलेले. कडेला शहरांची नावे आणि आकडे छापलेले. कॅम्प बदलला, खोली बदलली की आधी हे काढून भिंत ठरवायची. आकृतीपासून लांब उभे राहिलो तेव्हा काटा शहाण्यासारखा उत्तर दाखवत होता. आकृतीवर नेला तर फिरला. डोक्याजवळ एक दिशा, पायाजवळ दुसरी. हे गुडघ्यावर बसून इंच इंच सरकवत होते. कागद काढला, आकडे लिहिले. माझ्याकडे वर बघून म्हणाले, "यंत्र बरोबर आहे, जागाच तशी आहे." खडकातल्या चुंबकीय गुणामुळे हे होते असे सांगतात. अर्धा तास गेला. मी करवंदे खात बसले. सातवीतल्या मुलाला प्रयोगशाळेत एकटे सोडले की तो जसा दिसतो, तसे हे दिसत होते. मला हा मुलगा कधी भेटलाच नव्हता.

जुहरची नमाज व्हायची होती. पाऊण वाजता जमले नाही, चढत होतो. आता अडीच वाजून गेले. मी म्हटले, "काटा तर बिघडला, किब्ला कसा ठरवायचा?" लांब जाऊन काटा पुन्हा बघता आला असता, पण हे म्हणाले, "थांब, पावणेतीन वाजू दे." एक सरळ काठी घेतली, दगडांच्या आधाराने उभी केली. नशिबाने ढगांतून ऊन पडले होते. मग समजावले. दरवर्षी २८ मेच्या सुमारास, मक्केत दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी, सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर येतो. तेव्हा आपल्याकडे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी जगात जिथून जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याकडे तोंड केले की किब्ला. जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा असेच होते. "आज १८ तारीख, म्हणजे थोडा फरक पडेल, पण बोटभर." काठीची सावली पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. तिच्या उलट दिशेला, पश्चिमेपासून जरा उत्तरेकडे, आम्ही जानमाज टाकली. एक यांची, एक माझी, अर्ध्या पावलावर मागे.

सड्यावर वारा होता. नमाज संपल्यावर हे बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "तिकडे या दिवशी मी काय करायचो सांगू? बरोबर उलट." मला कळले नाही. "१२ वाजून १८ मिनिटांना सावली बघायचो. सावली ज्या बाजूला पडते ती काबाच्या उलट बाजू. साधारण त्याच बाजूला तुम्ही सगळे."

त्यावर मी काही बोलले नाही. करवंदांनी हात चिकट झाले होते, तीन लिटरमधले उरलेले पाणी त्यांनी माझ्या हातांवर ओतले.

चौथा रविवार २५ मेचा. कागदावर कुणकेश्वरचा किनारा आणि देवगड असे होते. पण आठवडाभर पाऊस कोसळत होता आणि त्या दिवशी टीव्हीवर जाहीर झाले, की मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला आणि त्याची सीमा देवगडपर्यंत आली. जूनचा पाहुणा मेमध्येच हजर! हे कागद घेऊन खिडकीत उभे. जोखमीच्या रकान्यात मान्सून लिहिलेला नव्हता.

तेवढ्यात अम्मा काठी टेकत बाहेर आल्या. "दर रविवारी दोघंच जाता. आज मला धक्क्यावर न्या."

सत्त्याहत्तर वर्षांच्या अम्मा, खुब्यात सळई, बाहेर धो धो पाऊस. पण त्यांनी आधीच चांगली ओढणी काढून ठेवली होती. रिक्षा बोलावली. धक्क्यावर रिक्षा खाडीकडे तोंड करून उभी केली, प्लास्टिकचा पडदा बाजूला केला. पलीकडचा रत्नागिरी जिल्हा पावसात दिसत नव्हता. होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकल्या होत्या. अम्मांनी काठीने दाखवले, "बोट तिथे लांब उभी राहायची. इथून पडावात बसायचं, पडाव तिथे जायचा, मग वर चढायचं."

मुंबई ते गोवा आगबोटी चालत तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण असे थांबे घेत त्या जात. पावसाळ्यात बंद असत, म्हणून मे संपताना शेवटच्या बोटीला ही गर्दी. १९७१ च्या मेमध्ये अम्मा त्या बोटीने मुंबईला गेल्या. सासरे त्यांना न्यायला आले होते. त्यांचे जहाज मुंबईला लागले होते, चार दिवसांनी पुन्हा सुटणार होते.

"डेकवर चादर अंथरली. तुझे सासरे चहा घेऊन आले, दोन कपांत. माझ्यासाठी त्यांनी स्वतः आणला. रात्रभर झोपलो नाही. दीपगृह आलं की ते नाव सांगायचे." अम्मा थांबल्या. "तेवढंच फिरणं. एक रात्र."

रिक्षावाला मुलगा माझाच जुना विद्यार्थी. त्याने इंजिन केव्हाच बंद केले होते. यांनी विचारले, "अम्मा, कुठली कुठली दीपगृहं आली होती?" अम्मांनी डोळे मिटून नावे घेतली, एक विसरल्या, मागे गेल्या, पुन्हा घेतली. मग एकदम म्हणाल्या, "चला आता, पाय गारठले. आणि चहा घेऊन ये रे, तीन कप." हे भिजत गेले आणि टपरीवरून चार कप आणले, चौथा रिक्षावाल्याचा.

त्याच संध्याकाळी रत्नागिरीहून मुलाचा फोन आला. दोह्याच्या नोकरीची त्याची मुलाखत झाली होती आणि निवड झाल्यात जमा होती. खारेपाटणच्या एका घरी त्याच्या निकाहाची बोलणीही चालू आहेत. फोन स्पीकरवर होता. अम्मा तसबीह फिरवत होत्या, मी ओली ओढणी दोरीवर टाकत होते. इकडचे तिकडचे झाल्यावर तो म्हणाला, "अब्बा, एक विचारायचं होतं. तिकडे फॅमिली व्हिसा काढायला पगार किती लागतो?"

यांनी आकडा तिथल्या तिथे सांगितला. कंपनीने घर दिले तर किती, न दिले तर किती, तेही सांगितले. आधी किती होता आणि मग कसा कसा वाढत गेला, तेही. मुलाने लिहून घेतले आणि फोन ठेवला.

मी विचारले, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"विचारून ठेवलं होतं."

"कधी?"

"पहिल्यांदा २००४ ला," हे म्हणाले. "मग दर वेळी सुट्टीवरून परत गेलो की."